पडद्यावरचे बालगंधर्व

गेल्या दिवाळीतली, पाडव्याच्या सकाळची गोष्ट. आमच्याकडच्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला घरची सगळी मंडळी गेली होती. अंगाला उटण्याचा वास, खांद्यावर शाली, आणि समोर एक तरुण गायक. त्याने ‘स्वयंवरा’तले रुक्मिणीचे यमनातले पद घेतले. पहाटेच्या प्रहरी यमन! पण नाट्यपदाने प्रहर कधी पाळला आहे? पद संपले आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा, थरथरता आवाज आला, “वन्समोअर!” सारे सभागृह हसले, टाळ्या पडल्या, आणि गायकाने पद पुन्हा आळवले. १९१६ सालच्या नाटकातले ते पद शंभरावर वर्षे उलटल्यानंतरही ‘पुन्हा म्हणा’ म्हणून मागितले जात होते.

घरी आल्यावर फराळाची ताटे मांडली गेली. माझी भाची कॉलेजात जाते. तिला ते पद फार आवडले होते. चकलीचा तुकडा तोडता तोडता तिने मोबाइल उघडला आणि मूळ गाणाऱ्याचा शोध घेतला. तिला सापडला तो ‘धर्मात्मा’ चित्रपटाचा एक तुकडा. तिने तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, “मामा, यांच्यासाठी लोक वेडे झाले होते?”

प्रश्नात कुचेष्टा नव्हती, खरेखुरे कुतूहल होते. म्हणूनच मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. “अगं, तू त्यांना रंगभूमीवर पाहायला हवे होतेस,” असे म्हणून मोकळे होण्याचा मार्ग होता. पण मी तरी कुठे पाहिले आहे? ज्यांनी पाहिले ती पिढी आता जवळजवळ संपली. आपल्यापाशी उरल्या आहेत त्या तबकड्या, छायाचित्रे, आठवणींची पुस्तके आणि पडद्यावरची थोडी हलती चित्रे. या पुराव्यांपैकी नेमका चित्रपटच बालगंधर्वांच्या विरुद्ध साक्ष देतो. ती साक्ष कितपत खरी मानायची, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात राहिला. वर्षभर तबकड्या ऐकून आणि चित्रपट पाहून जे सुचले ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम थोडी उजळणी. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा महाराष्ट्रात पोराथोरांना ठाऊक आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि किर्लोस्कर मंडळीची नायिका हरपली. ती जागा १९०५ साली या सतरा वर्षांच्या मुलाने भरून काढली. मिरजेला ‘शाकुंतला’त शकुंतला म्हणून तो उभा राहिला. पुढे मार्च १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नटलेले. पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असे बाकीच्यांना वाटत असताना हा माणूस तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभा राहिला, कारण आलेली माणसे परत पाठवायची नव्हती. ही हकीकत आपण नेहमी त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. समोर बसलेला प्रेक्षक आणि आपण यांच्यामध्ये दुसरे काहीही, पोटच्या पोरीचे मरणसुद्धा, त्यांनी येऊ दिले नाही. पुढच्या साऱ्या कारकीर्दीचे वैभव आणि संकट मला या एका गोष्टीत दिसते.

१९१३ मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने त्याला चाली दिल्या आणि पन्नासाहून अधिक पदांच्या त्या नाटकाने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला रागदारीची गोडी लावली. ज्यांना ‘भीमपलास’ हा शब्द ठाऊक नव्हता त्या घरांतून बायका दळताकांडताना रुक्मिणीची पदे गुणगुणू लागल्या. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी राहिले नव्हते. भरजरी शालूत मिरवणारी भामिनी त्या नाटकात ठिगळाचे लुगडे नेसून सिंधू झाली आणि प्रेक्षागृहातल्या स्त्रिया पदराने डोळे पुसू लागल्या. १९२१ च्या जुलैत मुंबईला केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी नारायणराव. आपल्या संगीत रंगभूमीचा तो सर्वांत उंच दिवस म्हणतात. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले आणि तो योग पुन्हा आला नाही.

वैभव असे, तर कर्जही तसेच. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभा उभारताना हिशेब कुणी पाहिला नाही. खरे अत्तर, खरे शालू, साथीला अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष! कंपनी लाखाच्या वर कर्जात बुडाली. ते कर्ज फेडायला नारायणरावांनी वर्षानुवर्षे बेताच्या पगारावर गाणे गायले. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. प्रेक्षकाच्या नजरेला लागणारे काहीही खोटे असता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. गंमत अशी की, त्या सगळ्यातली सर्वांत मोठी खोटी गोष्ट ते स्वतःच होते. पुरुषाने स्त्री व्हायचे होते, आणि ते खोटेपण प्रेक्षकाने आनंदाने पत्करले होते.

मग १९३१ साल आले आणि ‘आलम आरा’ने हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. चांगल्या घरातली एक सुशिक्षित स्त्री पडद्यावर स्त्री म्हणून उभी राहिली! रंगभूमीवरही १९३३ च्या जुलैत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या रूपाने नाटकातल्या स्त्रीला स्त्रीचाच आवाज मिळाला. नाटक कंपन्यांची थिएटरे एकामागून एक सिनेमाकडे जात होती. गंधर्व मंडळीची गाडी थांबली आणि १९३५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, बालगंधर्व पुण्याच्या प्रभात स्टुडिओत कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. चित्रपट ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम, भूमिका संत एकनाथांची. संगीत मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे घरच्याच माणसाचे. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले. अस्पृश्यांना आधी जेवू घालणारा, त्यांच्या घरी जाऊन जेवणारा नाथ त्या काळात पडद्यावर आणायचा म्हणजे धाडसाचे काम होते, आणि शांतारामबापूंनी ते निष्ठेने केले. असे असूनही प्रभातबरोबरचा बालगंधर्वांचा तो पहिला आणि शेवटचा चित्रपट ठरला.

का? याची ठरीव उत्तरे आपण तीन-चार पिढ्या ऐकत आलो आहोत. ती एकेक करून तपासून पाहू.

पहिले उत्तर असे की, लोकांना बालगंधर्व लुगड्यात हवे होते, धोतरात नव्हे. हे पटण्यासारखे आहे. पण त्यापुढची हकीकत पाहिली की टिकत नाही. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट आला. त्यात बालगंधर्व स्त्रीवेषातच होते, मीराबाई म्हणून. स्वतःच्या नाटकातली ओळखीची भूमिका, ओळखीची पदे. तोही चालला नाही. म्हणजे धोतराचा दोष नव्हता.

दुसरे उत्तर वयाचे. सत्तेचाळीस हे पडद्यावर पदार्पण करण्याचे वय नव्हे, शरीर सुटलेले, चेहरा थकलेला, वगैरे. यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण प्रभातनेच दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, ‘संत तुकाराम’ काढला. त्यात तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. त्यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे नारायणरावांहून अवघे चार वर्षांनी लहान. ते त्या वेळी काही कोवळे पोर नव्हते.

तिसरे उत्तर असे की, नाटकातला नट पडद्यावर शोभत नाही, आणि त्यातही स्त्रीपार्टी तर नाहीच नाही. त्यालाही पागनिसांचेच उत्तर आहे. विष्णुपंतांनीही तरुणपणी स्त्रीभूमिकाच केल्या होत्या. असा नट तुकाराम कसा होणार, ही शंका तेव्हाही घेतली गेली. पण ‘संत तुकाराम’ मुंबईला एका थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि पागनीस म्हणजेच तुकोबा असे महाराष्ट्राने कायमचे ठरवून टाकले. आजही तुकारामांचे चित्र डोळ्यांपुढे आणा, त्यात थोडे पागनीस मिसळलेले असतात.

दोघे नट नाटकातले, दोघे स्त्रीभूमिका केलेले, दोघे चाळिशी उलटलेले, दोघेही गाणारे, दोघांच्या वाट्याला संतांच्या भूमिका, आणि स्टुडिओही तोच. एकाला पडद्याने डोक्यावर घेतले, दुसऱ्याला परत पाठवले. तेव्हा उत्तर वयात नाही, वेषात नाही, भूमिकेत नाही. ते गाण्याच्या रीतीत शोधले पाहिजे.

पागनीस तुकाराम म्हणून गातात तेव्हा कुणासाठी गातात? पडद्याकडे नीट पाहावे. त्यांचे डोळे एकतर मिटलेले असतात, नाहीतर विठोबावर खिळलेले. केशवराव भोळ्यांच्या चाली साध्या, भजनाच्या अंगाने जाणाऱ्या. त्यांत तान घेऊन कुणाला जिंकायचे नाही. शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग त्या चित्रपटात आहे. तो तुकोबांच्या गाथेत कुठे सापडतो, अशी चौकशी जाणत्या लोकांनी केली होती. इतके ते गाणे त्या माणसाच्या अंगचे वाटते. आपण प्रेक्षक ते गाणे चोरून ऐकत असतो. आपण नसतो तरी तुकोबा तसेच गायले असते, असा भरवसा पागनीस देतात. कॅमेऱ्याला असाच माणूस हवा असतो. आपल्याकडे न पाहणाऱ्याकडेच तो डोळे भरून पाहतो.

बालगंधर्वांचे सारे याच्या उलट होते. त्यांचे गाणे समोरच्याला दिलेले असे. प्रेक्षकाला ते ‘मायबाप’ म्हणत, आणि तो नुसता शिष्टाचार नव्हता. पदाची पहिली ओळ ते रसिकांपुढे ठेवीत, जणू ताटात पहिला घास वाढावा तशी. मग समोरून येणारी दाद, एखाद्या दर्दीची मान, बायकांच्या बाजूची कुजबुज, हे सारे ऐकत पुढची ओळ घडे. दाद आली की तीच ओळ वेगळ्या वळणाने येई. वन्समोअर आला की पद नव्याने सुरू होई, आणि दुसऱ्या वेळचे पद पहिल्यासारखे नसे. एकेक पद असे वाढत जाई, आणि नऊ-दहाला सुरू झालेले नाटक उत्तररात्रीपर्यंत लांबे. म्हणजे ते पद नारायणराव एकटे गात नव्हते. त्यांचा प्रेक्षक त्यांच्याबरोबर ते रचीत होता.

स्टुडिओत हा प्रेक्षक कुठून आणायचा? तिथे दिवे होते, यंत्रे होती, ‘शांत राहा’ म्हणून खूण करणारा माणूस होता. गाण्याची लांबी आधीच ठरलेली. ‘धर्मात्मा’तले नाथ गातात तेव्हा आवाज निर्मळ लागतो, शब्द मोत्यासारखे पडतात, पण मला तरी असे दिसते की, त्यांची नजर कुणाला तरी शोधते आहे. द्यायला हात पुढे झाला आहे आणि घेणारा समोर नाही. माझ्या भाचीला जे अवघडलेपण दिसले ते हेच असावे.

इथे चोखंदळ वाचक मला अडवील. तो म्हणेल, “प्रेक्षक नव्हता म्हणून चित्रपट फसला म्हणता, मग ग्रामोफोनच्या तबकडीपुढे तरी कुठे प्रेक्षक होता? तिथेही बंद खोली, तिथेही तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा. त्या तबकड्या मात्र घरोघर वाजल्या, आणि त्यांतले गाणे आजही ताजे आहे. हे कसे?”

शंका बिनतोड आहे, आणि तिच्यामुळेच मला माझे उत्तर सुधारून घ्यावे लागले. तबकडी फक्त कानाला बांधते, डोळ्याला मोकळे सोडते. आमच्या आजोळी जुना फोनो होता. माझी आजी तबकडी लावून खांबाला टेकून बसे आणि डोळे मिटून घेई. तिने तरुणपणी ‘स्वयंवर’ पाहिले होते. मिटल्या डोळ्यांपुढे तिला कोण दिसत असे ते मी तेव्हा विचारले नाही. पण ती रुक्मिणी असणार, आणि तिच्या स्वतःच्या मनातली असणार. तबकडी संपली की ती उठून सुई पुन्हा कडेला ठेवी. तोही वन्समोअरच! म्हणजे तबकडीत काम वाटून घेतलेले असे. स्वर नारायणरावांचा, आणि मूर्ती ऐकणाऱ्याची.

रंगभूमीवरही याहून फार वेगळे नव्हते. लांबच्या खुर्चीवरून, गॅसबत्तीच्या किंवा विजेच्या पिवळ्या उजेडात, दिसे ती एक नेसण, एक नथ, मानेचा एक लाडिक झोक. बाकीची स्त्री प्रेक्षक पुरी करीत असे. हा पुरुष आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. पण ते ठाऊक असूनच प्रेक्षक स्वतःच्या मनातले काही त्या मूर्तीत घालीत असे. पुरुष त्यात न भेटलेली प्रेयसी पाहत. स्त्रिया त्यात काय पाहत होत्या हे विचारण्याजोगे आहे. घरंदाज बाईला त्या काळी रंगमंचावर चढण्याची मुभा नव्हती; तिने कसे नेसावे, अंबाडा कसा घालावा, फुले कशी माळावीत हे मात्र ती एका पुरुषाकडे पाहून शिकत होती. यात गंमत आहे, आणि अन्यायही आहे. तिला बंद असलेल्या दारातून तिच्याच रूपात दुसरा कुणी आत गेला होता. भामिनीच्या आणि रुक्मिणीच्या रूपाने तिने निदान स्वतःचा मान ताठ ठेवणारी एक नायिका पाहिली, हा त्यातल्या त्यात लाभ. तेव्हा दुर्गाबाई आणि ज्योत्स्नाबाई आल्या त्यात बालगंधर्वांचे नुकसान झाले असेल, पण महाराष्ट्राचे झाले नाही. त्यांच्यासारखा नट गेला म्हणून हळहळताना आपण हे विसरता कामा नये.

कॅमेऱ्याने काय केले, तर प्रेक्षकाचे हे काम काढून घेतले. तो चेहऱ्याजवळ जातो आणि सगळेच दाखवतो. कपाळावरची रेघ, गालाची सैल कातडी, पापणीची हालचाल. पाहणाऱ्याने पुरे करायचे असे काही उरतच नाही. बालगंधर्वांची कला अर्धी प्रेक्षकाच्या मनात राहत होती. पडद्यावर आली ती उरलेली अर्धी. म्हणून धोतरातला एकनाथही फसला आणि लुगड्यातली मीराबाईही फसली. चित्रपट खोटी साक्ष देत नाही, अर्धीच देतो. आणि उरलेली अर्धी जणू कधी नव्हतीच, असा आपला समज होतो.

हे सारे त्यांचा कैवार घेण्यासाठी लिहितो आहे असे कुणी समजू नये. प्रेक्षकाला सर्वस्व मानण्याची किंमत रंगभूमीनेही मोजली. पदामागून पद वाढत गेले तेव्हा नाटक जागच्या जागी थांबून राहिले. रुक्मिणीचे पद चौथ्यांदा सुरू झाले की श्रीकृष्णाने काय करायचे? उभे राहायचे! खाडिलकरांसारख्या नाटककाराचे बांधेसूद संवाद दोन पदांमधली विश्रांती होऊन बसले. गणपतराव बोडसांसारखा कसलेला गद्य नट त्याच रंगमंचावर होता म्हणून तोल राहिला. पुढे जिथे तसा नट नव्हता तिथे संगीत नाटकाची मैफल झाली. बोलपटाने संगीत नाटक मारले असे म्हणण्याची आपली रीत आहे. बोलपट आला तेव्हा ते आधीच दमले होते, आणि त्या दमण्यात आपल्या लाडक्या वन्समोअरचा वाटा होता. देणाऱ्याने हात आखडला नाही हे खरे. पण घेणाऱ्यांनी तरी ‘पुरे’ कधी म्हटले?

पडद्यावरून परत आल्यावर नारायणरावांनी दुसरा मार्ग शोधला नाही. त्यांनी पुन्हा कंपनी उभी केली. १९३८ मध्ये गोहराबाई आल्या आणि नायिकेच्या भूमिका त्या करू लागल्या. जुनीच नाटके, जुनीच पदे, प्रेक्षक मात्र विरळ होत गेलेला. शहाणा नट या वळणावर थांबला असता, किंवा ज्योत्स्नाबाईंप्रमाणे नव्या, आटोपशीर भावपदाकडे वळला असता. १९४२ च्या ‘कुलवधू’ने तो मार्ग दाखवून दिलाच होता. बालगंधर्वांना ते साधले नाही. मला वाटते, त्यांना ते हवेच नव्हते. थोडके गाऊन थांबणे म्हणजे त्यांच्या लेखी मायबापाला अर्धपोटी उठवणे होते. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आले, १९६४ मध्ये पद्मभूषण आले; शरीर तोवर खिळून गेले होते. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव मिळाले त्याची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, ते रंगमंदिर उघडले. तिथे गाण्याचा योग त्यांना आला नाही.

पडद्याने त्यांचे देणे फेडले ते फार उशिरा. २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. सुबोध भावे यांनी ते रूप धारण केले, आनंद भाटे यांनी पदे गायिली, आणि त्या गायनाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तो चित्रपट घरोघरच्या मंडळींनी पाहिला. तो का साधला? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे एक कारण असे की, त्यात कॅमेरा गाणाऱ्यावरून वळून गाणे ऐकणाऱ्यांकडेही जातो. भारलेले चेहरे, मंचाकडे लागलेले डोळे दिसतात. १९३५ मध्ये नाथांपुढे जो नव्हता तो प्रेक्षक या चित्रपटाने पडद्यावर आणून बसवला. त्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो, आणि मग बालगंधर्व दिसू लागतात.

यंदा भाची दिवाळीला येईल तेव्हा तिला मी क्रम उलटा करून देणार आहे. आधी खोलीतला दिवा मालवून तबकडीवरचे यमनातले पद ऐकायचे, डोळे मिटून. एकदा नव्हे, दोनदा. मग ‘संत तुकाराम’ पाहायचा, म्हणजे कॅमेऱ्याला काय हवे असते ते कळेल. आणि सर्वांत शेवटी ‘धर्मात्मा’. त्यात नाथ गाऊ लागले की त्यांच्या चेहऱ्यावरून नजर जरा बाजूला, ते पाहत आहेत त्या दिशेला न्यायची, आणि तिथे माणसांनी भरलेले एक थिएटर आहे अशी कल्पना करायची. मागच्या रांगेत एक म्हातारा उठून उभा राहिला आहे. तो काय ओरडणार हे तिला आता ठाऊक आहे.